हलू नको

जांबोटी क्रॉसला माझा स्टुडिओ. खाली झेरॉक्स, वर बोर्ड,
आधी कन्नड, मग मराठी, मराठी थोडी बारीक.
तिथं हुद्दार बाई आली टेम्पोतून, काळी ट्रंक घेऊन,
म्हणाली, युद्धाचे फोटो काढायचेत, डार्करूम द्याल?

मी म्हटलं, बाई, सरहद्द आहे खरी इथं,
पण ती पाट्यांची. डांबर फासतात, पुसतात,
फार तर एसटी अडवतात.
ती हसली नाही. म्हणाली, तिकडंही जाऊन आले,
नऊ दिवस. धुराचे एकशे चाळीस फोटो.
घरी येऊन बघितले, तर कुठला धूर कुठल्या गावाचा
मलाच सांगता येईना.

ट्रंक गर्लगुंजीच्या मल्लव्वाची.
म्हणजे भैरूची. पांढऱ्या रंगात नंबर, नाव, पलटण.
चौदा वर्षांपूर्वी तो आला, मग चार दिवसांनी ही.
मल्लव्वा तिच्यात हरभरा ठेवायची.
बाईनं मागून घेतली, फटी बुजवल्या, आतून काळा रंग,
समोरच्या पत्र्याला सुईनं एक भोक.
भिंग नाही. बटण नाही.
आत कागद लावायचा, भोकावरची पट्टी काढायची
आणि वीस मिनिटं गप्प बसायचं.

हलतं ते येत नाही.
गल्लीत पोरं होती, शेरडं होती,
दुधाची मोटरसायकल दोनदा गेली.
कागदावर उखळ, विजेचा खांब, अर्धं उघडं दार.
बाकी गाव कुठं उठून गेलंय कोण जाणे.

नाईक कल्लाप्पा, रिटायर, मेडल लावून ताठ बसला.
चेहरा आला, मिशी आली, रिबनीच्या पट्ट्या आल्या.
उजव्या हाताच्या जागी नुसता धूर.
एकोणीस वर्षं थरथरतोय तो हात, जेवतानासुद्धा.
बाई लाल दिव्याखाली कागद धरून बराच वेळ उभी.
दुसऱ्या दिवशी कल्लाप्पानं बघितला, म्हणाला,
"हां. ह्यो मातर तिकडचाच."

मल्लव्वा उंबऱ्यावर बसली.
नाकावर माशी बसली, उठली, परत बसली.
चेहरा असा आला की सुरकुती न् सुरकुती मोजावी.
"तुम्ही हललाच नाही की हो," मी म्हटलं.
"त्यो गेल्यापास्नं बसलोयच की मी हितं."
आणि लगेच, "पेटी कवा देतासा? हरभरा पोत्यात हाय,
उंदरं लागल्यात."

त्या रात्री माळ्यावरचे डबे काढले.
भरतीचे फोटो, सव्वीस वर्षांचे.
हनुवटी वर. कान दिसू देत. हलू नको.
प्रत्येकाला हेच सांगत आलो
आणि ते हलले नाहीत, एका सेकंदाच्या
सव्वाशेव्या भागापुरते.
सगळ्यांच्या अंगात एकच शर्ट. माझा.
पांढरा, कॉलर ताठ, स्टुडिओच्या खिळ्यावर असतो.
किडकिडीत पोरगा आला की पाठीमागं चिमटे लावायचो.
भैरूला चार लागले होते.
पुढं तोच फोटो मोठा करून दिला, हार घालायला.
अडीचशे रुपये. घेतले मी.

बाईला सांगितलं. ती म्हणाली, शर्टाचा काढू.
फॅन बंद केला, झेरॉक्स बंद, शटर अर्धं खाली.
खिळ्यावर शर्ट, समोर ट्रंक.
उजेड कमी, म्हणून सव्वा तास.

चाळीस मिनिटं झाली असतील,
शटरखालून एक पोरगा वाकून आत आला.
इदलहोंडचा. पळून आलेला, पायाला लाल माती.
"पासपोर्ट, आठ कॉपी. उद्या लास्ट डेट हाय सर.
शर्ट मिळतोय म्हणं तुमच्याकडं?"

मी बाईकडं बघितलं. बाईनं भोकाकडं.
"बस जरा," म्हटलं त्याला, "चहा सांगतो."
तो बाकावर बसला, शर्टाच्या खालीच,
आणि गुडघा हलवत राहिला, सारखा.

मी काही बोललो नाही.